ऐतिहासिक विद्यापीठनगरीतील निवासी उन्हाळी इंग्रजी अभ्यासक्रम : स्वरूप, भाषिक आधार व मर्यादा

सारांश : ऑक्सफर्ड व केंब्रिज या इंग्लंडमधील प्राचीन विद्यापीठनगरींत दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये कुमारवयीन विद्यार्थ्यांसाठी निवासी इंग्रजी अभ्यासक्रम भरतात. प्रस्तुत लेखात या अभ्यासक्रमांची ऐतिहासिक पार्श्वभूमी, दैनंदिन स्वरूप व भाषाशिक्षणशास्त्रीय आधार यांचा परामर्श घेतला आहे. अशा अभ्यासक्रमांचे शैक्षणिक मूल्य वास्तूच्या प्राचीनतेवर वा विद्यापीठाच्या नावावर अवलंबून नसून, वर्गाबाहेरच्या वेळात इंग्रजीचा वापर किती अपरिहार्य होतो यावर अवलंबून आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे. त्या अनुषंगाने पालकांना व विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करताना प्राध्यापकांनी कोणत्या बाबी लक्षात घ्याव्यात, याचीही चर्चा केली आहे.

बीजसंज्ञा : इंग्रजी अध्यापन, निवासी शिक्षण, भाषानिमज्जन, आंतरक्रिया, संपर्कभाषा.

प्रस्तावना

जागतिकीकरणाच्या प्रक्रियेत इंग्रजीला प्राप्त झालेले स्थान सर्वश्रुत आहे. महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवण्यास प्रारंभ झाला. तथापि, अनेक वर्षे इंग्रजी शिकूनही पदवी वर्गात आलेला विद्यार्थी चार वाक्ये सलग बोलण्यास कचरतो, हा बहुतेक महाविद्यालयांतील अनुभव आहे. अशा परिस्थितीत ज्यांना आर्थिकदृष्ट्या शक्य आहे असे पालक आपल्या पाल्यास सुट्टीत इंग्लंडला पाठवण्याचा विचार करतात आणि महाविद्यालयातील इंग्रजीच्या प्राध्यापकांचा सल्ला घेतात. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्या मनात मात्र आपल्या मुलाची मोठी संधी हुकली अशी खंत राहते. हा सल्ला देताना आणि ही खंत समजून घेताना या अभ्यासक्रमांचे वास्तव स्वरूप ठाऊक असणे आवश्यक ठरते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ऑक्सफर्ड येथे १०९६ च्या सुमारास अध्यापन चालू होते, असे मानले जाते. तेथील नगरवासीयांशी झालेल्या संघर्षानंतर बाहेर पडलेल्या काही विद्वानांनी १२०९ मध्ये केंब्रिज येथे अध्यापनास सुरुवात केली. दोन्ही विद्यापीठांचे वैशिष्ट्य म्हणजे त्यांची निवासी महाविद्यालयीन व्यवस्था होय. बहुतेक महाविद्यालयांना स्वतःचे चौक, भोजनगृह, प्रार्थनामंदिर, ग्रंथालय व विद्यार्थ्यांच्या खोल्या असतात. विद्यार्थी तेथे राहतो, जेवतो आणि शिकतो.

या वास्तू सुट्टीत बाहेरच्या अभ्यासकांसाठी खुल्या करण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकातील आहे. विद्यापीठाचे शिक्षण त्याच्या भिंतींबाहेर नेण्यासाठी केंब्रिजने १८७३ मध्ये विस्तार व्याख्यानांची योजना सुरू केली. त्यानंतर पाचच वर्षांत, १८७८ मध्ये, ऑक्सफर्डने तिचे अनुकरण केले. याच कार्याचा एक भाग म्हणून १८८८ मध्ये ऑक्सफर्ड येथे पहिले उन्हाळी संमेलन भरले. अमेरिकेतील शटॉक्वा येथे १८७४ पासून भरणाऱ्या उन्हाळी शिक्षणमेळाव्यांपासून त्यास प्रेरणा मिळाली होती. त्या वेळी ऑक्सफर्डच्या विस्तारकार्याचे सचिव मायकेल सॅडलर हे होते. पुढे १९१७ ते १९१९ या काळात काम केलेल्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाचे अध्यक्ष म्हणून भारतीय उच्च शिक्षणाच्या अभ्यासकांना परिचित असलेले सॅडलर ते हेच. ज्यांना विद्यापीठात प्रवेश मिळणे शक्य नव्हते, अशा प्रौढ स्त्री-पुरुषांना काही दिवस तरी विद्यापीठीय जीवनाचा लाभ मिळावा, हा त्या संमेलनामागील हेतू होता.

परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचा प्रवाह याला समांतर विकसित झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या परीक्षा मंडळाने १९१३ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी प्रावीण्य परीक्षा सुरू केली. पहिल्या परीक्षेस केवळ तीन परीक्षार्थी बसले होते आणि ते तिन्ही अनुत्तीर्ण झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. बोर्निओतील कुचिंग येथील जपानी युद्धबंदी छावणीत सहबंद्यांसाठी वर्ग चालवणारे फ्रँक बेल यांनी १९५५ मध्ये केंब्रिज येथे भाषाशाळा स्थापन केली. स्वीडनमधील बेर्टिल हुल्ट यांनी १९६५ मध्ये सुरू केलेल्या संस्थेने स्वीडिश शाळकरी मुलांना इंग्रजी शिकण्यासाठी सुट्टीत इंग्लंडला नेण्यास प्रारंभ केला. ‘युरोपीय सुट्टीची शाळा’ असाच त्या संस्थेच्या मूळ स्वीडिश नावाचा अर्थ होता. अशा रीतीने विस्तारकार्यातील उन्हाळी निवासाची प्रथा आणि युद्धोत्तर भाषाशाळांचा व्यवसाय या दोन प्रवाहांच्या संगमातून आजचे अभ्यासक्रम आकारास आले.

अभ्यासक्रमाचे स्वरूप

ऑक्सफर्डच्या शैक्षणिक वर्षात प्रत्येकी आठ आठवड्यांची तीन सत्रे असतात. उन्हाळी सत्र जूनच्या उत्तरार्धात संपते व नवे सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते. मधल्या तीन महिन्यांहून अधिक काळात बहुसंख्य खोल्या रिकाम्या राहतात. त्या परिषदा, पर्यटक व उन्हाळी अभ्यासक्रम यांना भाड्याने देऊन महाविद्यालये आपल्या उत्पन्नात भर घालतात. तेव्हा या अभ्यासक्रमांच्या अस्तित्वास शैक्षणिक कारणांइतकेच वास्तूंच्या देखभालीचे अर्थकारणही कारणीभूत आहे.

सामान्यतः तेरा ते सतरा या वयोगटातील विद्यार्थी दोन ते चार आठवड्यांसाठी येतात. प्रारंभी स्तरनिश्चितीसाठी चाचणी घेतली जाते आणि तिच्या आधारे गट पाडले जातात. सकाळी सुमारे तीन तास वर्ग, दुपारी खेळ, नाट्य, प्रकल्प वा शहरदर्शन आणि रात्री प्रश्नमंजूषा, वादविवाद वा मनोरंजनाचे कार्यक्रम अशी दिनचर्या असते. आठवड्याच्या अखेरीस लंडन किंवा शेक्सपिअरचे जन्मस्थान असलेल्या स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनसारख्या ठिकाणी सहल नेली जाते. शेवटी सहभागाचे प्रमाणपत्र दिले जाते.

वेळापत्रकात वर्ग हा ठळकपणे दाखवलेला घटक असला, तरी वेळेच्या दृष्टीने तो लहान भाग आहे. विद्यार्थी जागेपणी साधारण पंधरा तास त्या परिसरात असतो. त्यांपैकी तीन तास तो वर्गात बसतो. उरलेल्या बारा तासांत त्याला देवडीवरील कर्मचाऱ्याकडे हरवलेल्या किल्लीची तक्रार करावी लागते, भोजनगृहात आपण कोणता पदार्थ खात नाही हे सांगावे लागते, खोलीतील सोबत्याशी दिवा कधी मालवायचा हे ठरवावे लागते. हे बारा तास कोणत्या भाषेत जातात, हा या अभ्यासक्रमाविषयीचा मूलभूत प्रश्न होय.

भाषाशिक्षणशास्त्रीय आधार

द्वितीय भाषेच्या संपादनाविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेले विवेचन या संदर्भात मार्गदर्शक ठरते. स्टीफन क्रॅशन यांनी समजण्याजोग्या भाषिक आदानावर भर दिला. विद्यार्थ्याच्या पातळीपेक्षा किंचित वरची, परंतु संदर्भाने कळणारी भाषा त्याच्या कानांवर व डोळ्यांपुढे सतत येत राहिली, तर भाषा आत्मसात होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. कॅनडातील अनुभवाने मात्र या भूमिकेची मर्यादा दाखवून दिली. क्युबेक प्रांतातील सेंट लँबर्ट येथे १९६५ मध्ये इंग्रजी भाषक मुलांसाठी फ्रेंच निमज्जन वर्ग सुरू झाले आणि त्यांचा पुढे देशभर प्रसार झाला. अशा वर्गांतील मुलांचे आकलन उत्तम होते. परंतु वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकूनही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यात व्याकरणाच्या त्रुटी राहत होत्या. त्यावरून मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये असे मांडले की, ऐकणे पुरेसे नाही. बोलण्याची व लिहिण्याची निकड निर्माण झाली तरच विद्यार्थ्याला आपल्या भाषेतील उणिवा जाणवतात. मायकेल लाँग यांनी आंतरक्रियेचे महत्त्व अधोरेखित केले. समोरच्याला आपले म्हणणे कळले नाही म्हणजे आपण ते वेगळ्या शब्दांत मांडतो, खुलासा विचारतो, पुन्हा सांगतो. या अर्थनिश्चितीच्या प्रयत्नात भाषाशिक्षण घडते.

साध्या गणितानेही हा मुद्दा स्पष्ट होतो. पंधरा विद्यार्थ्यांच्या एका तासाच्या वर्गात शिक्षकाने निम्मा वेळ घेतला, तर प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्यास बोलण्यासाठी दोन मिनिटे येतात. तीन तासांत ती सहा होतात. याउलट रात्रीच्या भोजनप्रसंगी तुर्की, ब्राझिली व जपानी मुलांसमवेत बसलेला विद्यार्थी अर्ध्या तासात त्याहून अधिक बोलतो. कारण त्या चौघांना जोडणारी दुसरी भाषाच नसते.

या संदर्भात बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ व डॅन ड्युई यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उल्लेखनीय आहे. फ्रेंच शिकणाऱ्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या तीन गटांची त्यांनी तुलना केली. एक गट आपल्याच विद्यापीठात नेहमीच्या वर्गांत शिकत होता, दुसरा गट प्रत्यक्ष फ्रान्समध्ये राहून शिकत होता आणि तिसरा गट अमेरिकेतच उन्हाळी निमज्जन अभ्यासक्रमात होता. बोलण्यातील ओघवतेपणाच्या बाबतीत सर्वाधिक प्रगती तिसऱ्या गटाची झाली. त्या गटातील विद्यार्थी वर्गाबाहेर फ्रेंच बोलण्या-लिहिण्यात सर्वाधिक वेळ घालवत होते; फ्रान्समध्ये गेलेले विद्यार्थी मात्र वर्गाबाहेर इंग्रजीचाच अधिक वापर करत होते. हा अभ्यास मर्यादित संख्येच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आधारलेला असल्याने तो कुमारवयीनांना जसाच्या तसा लागू करता येणार नाही. तरीही, देश बदलला म्हणजे भाषा आपोआप बदलते असे नाही, हे त्यावरून दिसून येते. अमेरिकेतील मिडलबरी महाविद्यालयात १९१५ पासून उन्हाळी भाषाशाळा चालतात. तेथे शिकत असलेल्या भाषेखेरीज अन्य भाषा न बोलण्याची लेखी प्रतिज्ञा विद्यार्थी घेतात, त्यामागील तत्त्वही हेच होय.

मर्यादा : तासांचे गणित

भाषिक पातळी मोजण्यासाठी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली सामाईक संदर्भचौकट सर्वत्र वापरली जाते. तीत ए-१ ते सी-२ अशा सहा पातळ्या आहेत. केंब्रिजच्या परीक्षा विभागाच्या मार्गदर्शक अंदाजानुसार प्रारंभापासून बी-१ पातळी गाठण्यास सुमारे ३५० ते ४००, तर बी-२ गाठण्यास सुमारे ५०० ते ६०० मार्गदर्शित अध्ययनतास लागतात. म्हणजे एका पातळीवरून पुढच्या पातळीवर जाण्यास साधारणतः दीडशे ते दोनशे तास आवश्यक असतात. आठवड्यास १५ तास याप्रमाणे तीन आठवड्यांच्या अभ्यासक्रमात अवघे ४५ वर्गतास होतात. हे प्रमाण एका पातळीच्या पाव हिश्श्याच्या आसपास आहे. त्यामुळे तीन आठवड्यांत मूल ‘फाडफाड इंग्रजी’ बोलू लागेल, ही अपेक्षा निराधार ठरते. जे आधी शिकून झाले आहे परंतु वापरात आलेले नाही, ते जिभेवर येणे आणि बोलण्याची भीड चेपणे, हा या अभ्यासक्रमाचा वास्तव लाभ होय. ज्याच्याजवळ मुळातच शब्दसंपदेचा साठा नाही, त्याला हा लाभ अल्प प्रमाणात मिळतो.

दुसरी मर्यादा अधिक सूक्ष्म आहे. ज्या सुट्टीमुळे विद्यार्थ्याला ऑक्सफर्डची खोली मिळते, त्याच सुट्टीमुळे ऑक्सफर्डचा विद्यार्थी तेथून निघून गेलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्या चौकांत वावरणारी मुले बहुतांशी इतर देशांतून इंग्रजी शिकण्यासाठीच आलेली असतात. शिक्षक व कार्यकर्ते वगळता इंग्रज व्यक्तीशी दीर्घ संभाषणाचे प्रसंग थोडेच येतात. ‘अस्सल इंग्रजी उच्चार’ मिळतील या आशेने पाल्यास पाठवणाऱ्या पालकांना ही फसवणूक वाटू शकते. परंतु तिची दुसरी बाजूही आहे. इंग्रजी ही आज मुख्यत्वे भिन्न भाषकांमधील संपर्कभाषा आहे. जेनिफर जेंकिन्स यांनी २००० मधील आपल्या ग्रंथात आंतरराष्ट्रीय इंग्रजीच्या उच्चारणाचा विचार मूळ भाषकांच्या अनुकरणाऐवजी परस्परांना समजण्याच्या निकषावर केला. त्या दृष्टीने पाहता कोरियन वा इटालियन सोबत्याला आपले म्हणणे समजावून देण्याचा सराव हाच उद्याच्या व्यवहाराची अधिक चांगली पूर्वतयारी ठरतो.

तिसरी मर्यादा गटरचनेची आहे. पुष्कळ विद्यार्थी एकाच देशातून, एकाच शाळेतून, आपल्या शिक्षकासह गटाने येतात. असा मोठा गट एकाच मजल्यावर राहिला, तर सकाळचे तीन तास वगळता त्याचा सर्व व्यवहार मातृभाषेत चालतो. अशा वेळी निवासी पद्धतीचा मूळ हेतूच विफल होतो.

नाव आणि वास्तव

या क्षेत्रात सर्वाधिक गैरसमज विद्यापीठाच्या नावासंबंधी आढळतो. काही महाविद्यालये स्वतःचे उन्हाळी कार्यक्रम चालवतात. परंतु कुमारवयीनांसाठीचे बरेचसे इंग्रजी अभ्यासक्रम खासगी संस्थांचे असतात व त्यांनी महाविद्यालयाची जागा केवळ भाड्याने घेतलेली असते. ‘ऑक्सफर्डमध्ये’ शिकणे आणि ‘ऑक्सफर्ड विद्यापीठात’ शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. भाड्याच्या जागेतील अशा अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र विद्यापीठाचे नसते आणि पुढे पदवी प्रवेशासाठी त्यामुळे कोणतेही प्राधान्य मिळत नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठ स्वतः २०१० पासून ‘युनिक’ नावाचा कार्यक्रम चालवते. तो ब्रिटनमधील सरकारी शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी असून विनामूल्य आहे. सटन ट्रस्ट या संस्थेने १९९७ मध्ये ऑक्सफर्ड येथे पहिली उन्हाळी शाळा भरवली, तीही अल्प उत्पन्न गटातील मुलांना विद्यापीठाची वाट मोकळी व्हावी म्हणून. हे दोन्ही भाषा अभ्यासक्रम नाहीत. तथापि, १८८८ च्या संमेलनामागील जो हेतू होता, त्याचा वारसा शुल्क आकारणाऱ्या अभ्यासक्रमांपेक्षा या उपक्रमांकडे अधिक येतो, हे नमूद करणे अगत्याचे आहे.

खासगी अभ्यासक्रम दर्जाहीन असतात, असा मात्र याचा अर्थ नाही. ब्रिटिश कौन्सिल व इंग्लिश यूके ही संघटना यांच्या सहकार्याने चालणाऱ्या मान्यता योजनेत व्यवस्थापन, भौतिक सुविधा, अध्यापन आणि विद्यार्थिकल्याण या अंगांची तपासणी होते. अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांच्या संरक्षणाची व्यवस्था हा तपासणीतील महत्त्वाचा भाग असतो. व्हिसाच्या दृष्टीनेही मान्यतेला महत्त्व आहे. कारण अभ्यागत व्हिसावर सहा महिन्यांपर्यंतचा असा अभ्यास मान्यताप्राप्त संस्थेतच करता येतो. प्रवासाचे नियम या क्षेत्रावर किती परिणाम करतात, हे अलीकडे दिसून आले. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यानंतर १ ऑक्टोबर २०२१ पासून बहुतांश युरोपीय नागरिकांना केवळ ओळखपत्रावर ब्रिटनमध्ये प्रवेश मिळेनासा झाला, पारपत्र आवश्यक ठरले आणि शालेय गटांचे येणे अवघड झाले. त्यापूर्वी २०२० चा उन्हाळा कोरोना महामारीमुळे वाया गेलाच होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात

महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या बाबतीत कालगणनेची एक व्यावहारिक अडचण उद्भवते. इंग्लंडचा उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पावसाळा असतो. राज्य मंडळाच्या शाळा साधारणतः जूनच्या मध्यास सुरू होतात. त्यामुळे येथील विद्यार्थ्याला ऐन सत्रात तीन आठवडे अनुपस्थित राहावे लागते. दहावी-बारावीच्या वर्षात हे नुकसान भरून काढणे कठीण असते.

सल्ला विचारणाऱ्या पालकांस प्राध्यापकांनी पुढील प्रश्न संस्थेस विचारण्यास सुचवावे : अभ्यासक्रम नेमका कोण चालवतो व प्रमाणपत्र कोणाचे मिळते? संस्था मान्यताप्राप्त आहे काय? एका वर्गात किती विद्यार्थी असतात व शिक्षकांची अर्हता काय? एका भाषेच्या विद्यार्थ्यांचे कमाल प्रमाण किती राखले जाते? खोल्यांचे वाटप करताना भिन्न भाषक एकत्र ठेवले जातात काय? रात्रीच्या वेळी मुलांची जबाबदारी कोणावर असते? यांपैकी चौथा व पाचवा प्रश्न पालकांच्या मनात सहसा येत नाही. वस्तुतः भाषेच्या दृष्टीने तेच निर्णायक आहेत.

ज्यांना हजारो पौंडांचा हा खर्च परवडत नाही, अशांची संख्या अर्थातच फार मोठी आहे. वरील विवेचनाचा अधिक उपयोग त्यांच्यासाठी आहे. निवासी शिबिराची परंपरा आपल्या महाविद्यालयांना नवी नाही. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे गावोगावी होतात आणि वर्गात मूक असलेला विद्यार्थी तेथे पुढे येऊन बोलतो, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांनी अनेकदा पाहिले आहे. याच धर्तीवर सुट्टीत इंग्रजीचे निवासी शिबिर योजणे अशक्य नाही. भिन्न भाषक सोबती ही इंग्लंडमधील सोय आपल्याकडे सहज उपलब्ध नसते, ही अडचण खरी आहे. सर्वांची मातृभाषा मराठी असता इंग्रजी बोलणे कृत्रिम वाटते. मिडलबरीच्या प्रतिज्ञेसारखा नियम, अन्य राज्यांतील महाविद्यालयांशी विद्यार्थी-विनिमय आणि स्वयंपाक, हिशेब, भित्तिपत्रक यांसारखी इंग्रजीतून पार पाडावयाची प्रत्यक्ष कामे, या उपायांनी ती काही अंशी दूर करता येईल.

निष्कर्ष

निवासी उन्हाळी अभ्यासक्रमातून होणारा भाषिक लाभ खरा आहे. परंतु तो मर्यादित असून प्रामुख्याने ओघवतेपणा व आत्मविश्वास यांपुरता असतो. त्याचे कारण विद्यापीठाच्या कीर्तीत नसून एकत्र निवासातून निर्माण होणाऱ्या बोलण्याच्या निकडीत आहे. जेथे ही निकड निर्माण होत नाही, तेथे शेकडो वर्षांची वास्तूही केवळ सहलीचे ठिकाण ठरते. जेथे ती निर्माण होते, तेथे तालुक्याच्या गावातील वसतिगृहही भाषेची शाळा होऊ शकते. पाल्यास परदेशी पाठवू न शकलेल्या पालकास प्राध्यापकांनी हे समजावून सांगणे आणि त्यानुसार आपल्या महाविद्यालयात काही करून पाहणे, हे या विवेचनाचे फलित ठरावे.